दहा जून : कवीची पुण्यतिथी आणि पोर्तुगालचा राष्ट्रीय दिन

(मिरगाच्या आठवड्यात देवळाच्या सभामंडपात शेतकरी व मच्छीमार बांधवांपुढे एका शिक्षकाने दिलेले व्याख्यान. श्रोत्यांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. — संपादक)



मिरग लागला आहे. शेतकऱ्याचा जीव आज नांगराकडे आणि तरव्याकडे आहे हे मी जाणतो. दर्यावरच्या भावांचे ट्रॉलर एक जूनपासून किनाऱ्याला लागले आहेत. जुलै संपेपर्यंत बंदी, तोपर्यंत फाटकी जाळी सांधायची. अशा दिवसांत वेळ काढून तुम्ही आलात. मास्तराचे भाषण लांबते असा आमचा लौकिक आहे, पण आज मी आटोपते घेईन.

विषय परका वाटेल. पोर्तुगालचा राष्ट्रीय दिन! देवळाच्या मंडपात फिरंग्याचा सण कशाला, असे कोणी मनात म्हणत असेल. त्याचे कारण सांगतो. मागल्या महिन्यात आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा माझ्याकडे आला. आजोबांच्या जन्माचा पोर्तुगेज दाखला त्याला वाचून हवा होता. तो लिस्बनला पाठवायचा, तिथे नोंदणी करायची, पासपोर्ट काढायचा, असा बेत. जाता जाता त्याने विचारले, "मास्तर, त्यांचा राष्ट्रीय दिन दहा जूनला असतो म्हणतात. त्या दिवशी त्यांना स्वातंत्र्य मिळाले काय?"

मी म्हटले, "नाही रे बाबा. त्या दिवशी त्यांचा एक कवी मेला. आणि त्यांचे स्वातंत्र्य त्याच वर्षी गेले."

तो हसला. त्याला वाटले मास्तर थट्टा करतात. थट्टा नव्हती, आणि ती गोष्ट मोठी आहे, म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे.

त्या कवीचे नाव लुईश द कामोंइश. जन्म १५२४ च्या सुमाराचा. घराणे खानदानी पण खिसा रिकामा. तरुणपणी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील सेउता येथे शिपाई म्हणून लढताना उजवा डोळा गेला. १५५२ साली लिस्बनच्या रस्त्यात राजदरबारच्या एका माणसाला तलवारीने जखमी केले आणि तुरुंगात पडला. राजाने माफी दिली, पण ती हिंदुस्थानात चाकरीला जाण्याच्या बोलीवर. मार्च १५५३ मध्ये तो गलबतावर चढला आणि सप्टेंबरात गोव्याला उतरला. म्हणजे पोर्तुगालचा हा महाकवी आपल्या मांडवी-जुवारीच्या पाण्यावर आला तो सुटलेला कैदी आणि साधा शिपाई म्हणून.

गोव्याला धरून पूर्वेकडे त्याची चौदाएक वर्षे गेली. मलबारच्या स्वारीत गेला, तांबड्या समुद्राकडे गेला, पुढे चीनच्या बाजूलाही गेला. मेकाँग नदीच्या मुखाशी त्याचे गलबत फुटले आणि एका हाताने काव्याची वही पाण्यावर धरून तो पोहत काठाला लागला अशी आख्यायिका आहे. गोव्यातल्या फिरंगी अंमलदारांवर त्याने झोंबणाऱ्या टवाळ्या लिहिल्या. ही भूमी लुच्च्यांची आई आणि सज्जनांची सावत्र आई आहे, अशा अर्थाचे त्याने एका पत्रात लिहून ठेवले आहे. हा राग आपल्यावर नव्हता. तो त्याच्याच जातभाईंच्या राज्यकारभारावर होता. कर्जापायी गोव्यात तो तुरुंगात गेला असे त्याचे चरित्रकार सांगतात.

त्याची छापलेली पहिली कविता कुठे निघाली, ठाऊक आहे? गोव्यात, १५६३ साली. गार्सिया द ओर्ता नावाच्या वैद्याने आपल्या देशातील औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्याच्या आरंभी ती आहे. हा ओर्ता म्हणजे मुंबई बेट ज्याने खंडाने घेतले होते तोच. जन्माने ज्यू. १५६८ साली तो वारला. आणि बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून काढून जाळली. त्याच १५८० साली तिकडे कामोंइश मेला. एकाच पुस्तकाचे हे दोन धनी, आणि दोघांचीही ही गत.

आता जरा आपल्या बाजूने ती वर्षे आठवा. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसले. त्याच सुमारास कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला आला, आणि त्या काळात एकामागून एक देव अंत्रुजात आले. आज आपण बसलो आहोत तसली देवळे त्या पळापळीतून उभी राहिली. त्या वेळी हा मुलूख आदिलशाहीचा होता, म्हणून देवांना आसरा मिळाला. रात्रीच्या अंधारात होड्या वल्हवून देव पलीकडे नेले, असे आपले वाडवडील सांगत आले. होडी वल्हवणारे कोण होते ते मी दर्यावरच्या माणसांना सांगायला नको. १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली. त्याच साली कामोंइश गोवा सोडून मोझांबिकला गेला. कवी इथे होता तो काळ हा असा होता. तो त्या राज्याचा शिपाई होता. हे आपण विसरायचे नाही, आणि तो त्या राज्याने नाडलेला गरीब माणूस होता हेही विसरायचे नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मोझांबिकात तो पैशावाचून अडकला. मित्रांनी वर्गणी करून त्याला सोडवले आणि १५७० साली तो लिस्बनला पोचला. १५७२ साली त्याचे महाकाव्य छापले गेले. त्याचे नाव 'ऊश लुझियादश'. दहा सर्ग, १,१०२ कडवी. वास्को द गामाच्या सफरीचे ते गान आहे. पण एक नवल ऐका. गलबते सुटतात त्या प्रसंगी रेस्तेलूच्या किनाऱ्यावर एका म्हाताऱ्याला कवीने उभे केले आहे. तो निघालेल्यांना आशीर्वाद देत नाही, दोष देतो. कीर्तीच्या हव्यासापायी घर, मुले आणि देश ओस टाकून कुठे निघालात, असा त्याचा सवाल आहे. ज्याच्या घरचा माणूस दर्यावर जातो त्याला हा म्हातारा समजावून सांगावा लागत नाही. साम्राज्याचे गाणे गाणाऱ्या कवीनेच तो प्रश्न काव्यात ठेवला. पुढे सण साजरा करणाऱ्यांनी गामा तेवढा उचलला आणि म्हातारा किनाऱ्यावरच सोडला.

राजाने कवीला वर्षाला १५,००० रैशांचे वेतन तीन वर्षांसाठी लावले. १५७८ साली तो राजा, सेबास्तियांव, वयाच्या चोविसाव्या वर्षी मोरोक्कोच्या लढाईत पडला. मूलबाळ नव्हते. त्याच्यानंतर म्हातारा कार्डिनल गादीवर आला, तो १५८० च्या जानेवारीत वारला. त्या वर्षी १० जून रोजी कामोंइश लिस्बनमध्ये गरिबीत मेला. प्रेतावर घालायचे वस्त्रसुद्धा कोणा श्रीमंताच्या घरून आले असे म्हणतात. आणि ऑगस्टमध्ये स्पेनच्या फौजेने लिस्बन घेतले. स्पेनचा राजा फिलिप पोर्तुगालचाही राजा झाला.

साठ वर्षे हा अंमल चालला. कायदे, अधिकारी आणि भाषा पोर्तुगालची राहतील असे वचन होते, पुढे पुढे ते पातळ होत गेले, करांचा बोजा वाढला, आणि १ डिसेंबर १६४० रोजी उठाव होऊन ब्रागांसाचा ड्यूक राजा झाला. तो १ डिसेंबरही तिथे सुटीचा दिवस आहे. पैशाच्या ओढाताणीत २०१३ साली ती सुटी सरकारने काढली होती, २०१६ साली परत द्यावी लागली. त्या साठ वर्षांत राजा स्पेनचा होता, पण माणसे पोर्तुगेज बोलत होती आणि कामोंइशचे काव्य पुन्हा पुन्हा छापले जात होते. उठावाची कारणे अनेक, एकट्या काव्याने राज्य परत आले असे मी म्हणणार नाही. पण परत घ्यायचे ते कोणाचे, हे लोकांना ठाऊक राहिले ते भाषेमुळे.

आता हा दिवस सण कसा झाला ते पाहू. पुरी तीनशे वर्षे तो कोणाच्या खिजगणतीत नव्हता. कवीला जिथे पुरले ते देऊळ १७५५ च्या भूकंपात कोसळले, हाडे कुठली कोणाची तेही कळेना. १८८० साली पुण्यतिथीला तीनशे वर्षे झाली. राजेशाहीला कंटाळलेल्या लोकसत्ताकवाद्यांनी, त्यांत तेओफिलो ब्रागा हे विद्वान गृहस्थ पुढे होते, लिस्बनमध्ये मोठी मिरवणूक काढली. राजाचा वाढदिवस नको, संताचा सण नको, सर्वांचा म्हणून एक कवी घेऊ, हा त्यांचा विचार. १८९० साली आफ्रिकेतील मुलखावरून इंग्रजांनी धमकी दिली आणि राजाने मान तुकवली, तेव्हा लोकांनी लिस्बनच्या चौकातील कामोंइशचा पुतळा काळ्या कापडाने झाकला. देशाचे सुतक कवीच्या पुतळ्याने धरले!

५ ऑक्टोबर १९१० रोजी राजेशाही गेली. नव्या सरकारने प्रत्येक नगरपालिकेला आपापली एक सुटी निवडायला सांगितली. लिस्बनचा लोकांचा सण म्हणजे १३ जूनचा सांत आंतोनियो. त्या रात्री गल्लीगल्लीत तारले भाजतात, धुराने शहर भरते. पण सरकार धर्मापासून फटकून वागणारे. म्हणून पालिकेने तीन दिवस आधीचा कवीचा दिवस घेतला. पुढे तो साऱ्या देशाचा झाला. ह्याच लोकसत्ताकामुळे गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचे हक्क मिळाले आणि मराठी शाळा, वाचनालये, नाटकमंडळ्या मोकळा श्वास घेऊ लागल्या. देणे देणाऱ्याचे नाव घ्यावे, म्हणून हे सांगितले.

पण सण कोणाच्या हाती पडतो त्यावर त्याचे रूप ठरते. १९२६ साली लष्कराने सत्ता घेतली आणि मागाहून सालाझार आला. १९३० चा वसाहत कायदा करून आपल्याला पुन्हा खालच्या पायरीवर ढकलले. १९४४ साली दहा जूनलाच लिस्बनजवळ राष्ट्रीय क्रीडांगणाचे उद्घाटन झाले, आणि सालाझारने ह्या दिवसाला 'वंशाचा दिवस' म्हटले. कवी बाजूला राहिला आणि रक्त पुढे आले.

दोन वर्षांनी, दहा जूनला आठ दिवस उलटतात तोच, १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले. मागणी काय होती? सभा घेण्याची, बोलण्याची, लिहिण्याची मोकळीक. एवढ्यासाठी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना पोर्तुगालला नेऊन पेनिशच्या किल्ल्यात कोंडले. पेनिश हे मासेमाऱ्यांचे गाव. दर्याच्या खडकावर किल्ला, आत कैदी. आणि बरे का मंडळी, त्याच किल्ल्यात सालाझारविरुद्ध बोलणारे पोर्तुगेजही कोंडलेले असत. 'वंश' एकच होता ना? मग ते आत का? कारण वंश हे नुसते नाव होते, खरा प्रश्न सत्तेचा होता.

१९६० साली जुन्या गोव्यात कामोंइशचा पुतळा उभारला. मुक्तीला वर्ष-दीड वर्ष उरले होते. पुढे त्यावरून वाद झाले आणि पुतळा तिथल्याच पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात गेला. मला विचाराल तर जागा योग्य आहे. चौकात उभा होता तेव्हा तो सालाझारचा शिपाई होता. संग्रहालयात तो पुन्हा कामोंइश झाला.

गोवा सुटला, पण सालाझारने धडा घेतला नाही. १९६१ पासून अंगोलात, मागाहून गिनीत आणि मोझांबिकात युद्ध. १९६३ पासून दहा जूनला लिस्बनच्या नदीकाठच्या मोठ्या चौकात फौजा उभ्या राहू लागल्या, आणि मेलेल्या शिपायांची पदके त्यांच्या आयांच्या, विधवांच्या काळ्या कपड्यांवर टोचली जाऊ लागली. ज्या घरातली ही पोरे होती ती घरे शेतकऱ्यांची आणि मासेमाऱ्यांची. त्या काळी पोर्तुगालच्या बोटी कॉड मासा आणायला उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रात जात. एका होडक्यात एकच माणूस, हातात गरी, चहूकडे धुके. असे काही हंगाम सलग काढले तर सक्तीची लष्करी नोकरी माफ होई. आफ्रिकेतली गोळी की उत्तरेचे धुके, एवढीच निवड. बाकीचे पळाले. त्या दहा-पंधरा वर्षांत दहा लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली, बरीचशी डोंगर ओलांडून चोरवाटांनी फ्रान्सला. पॅरिसच्या कडेला चिखलात पत्र्याच्या झोपड्या घालून राहिली. व्यासपीठावर वंशाची थोरवी, आणि त्या वंशाची माणसे परमुलखात विटा वाहताहेत!

२५ एप्रिल १९७४ रोजी लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनीच ती राजवट उलथली. बंदुकीच्या नळ्यांत लोकांनी लाल फुले खोचली. मग दहा जूनचे काय करायचे? मोडून टाकायचा? त्यांनी मोडला नाही, त्यातला वंश काढला. १९७८ पासून त्याचे नाव 'पोर्तुगालचा, कामोंइशचा आणि पोर्तुगेज समुदायांचा दिवस' असे आहे. समुदाय म्हणजे कोण? जे पळाले ते. ज्यांना पूर्वी कायद्याने गुन्हेगार म्हटले, त्यांचे नाव सणात घातले.

आज तो दिवस असा साजरा होतो. दरवर्षी राष्ट्राध्यक्ष एक वेगळे गाव निवडतात. झेंडा, लष्कराची सलामी, पदके, दोन भाषणे. २०१६ पासून परदेशातही एक ठिकाण धरतात. पहिल्या वर्षी पॅरिस धरले, जिथे त्या झोपड्या होत्या. २०२३ साली द्राक्षमळ्यांचे गाव पेझू द रेग्वा. २०२४ साली पेद्रोगांव ग्रांद आणि शेजारची गावे. तिथे २०१७ च्या जूनमध्ये रानाला वणवा लागून ६६ माणसे दगावली होती. त्या खेड्यांत राष्ट्र जाऊन उभे राहिले. आणि २०२५ साली लागुश बंदरात लिदिया जोर्ज ह्या लेखिका बोलल्या. त्याच बंदरात १४४४ साली आफ्रिकेतून आणलेले गुलाम उतरवून वाटले गेले होते. बाईंनी त्याची आठवण काढली आणि सांगितले की इथे कोणाचेच रक्त शुद्ध नाही. ज्या दिवसाला एकदा वंशाचा दिवस म्हटले त्याच दिवशी, सरकारी व्यासपीठावरून! तिथे काहींना ते रुचले नाही. पण त्या बोलल्या आणि कोणी त्यांना पेनिशला नेले नाही. पेनिशच्या किल्ल्यात २०२४ पासून प्रतिकाराचे आणि स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय आहे.

आता त्या मुलाकडे येतो. मी त्याला जाऊ नको म्हटले नाही. घरात म्हातारा बाप, शेताला भाव नाही, कामाला कोणी मिळत नाही, तेव्हा पोराला 'जाऊ नको' म्हणायचा मास्तराला काय अधिकार? फक्त तीन गोष्टी सांगितल्या. एक, परदेशाचे नागरिकत्व आपणहून घेतलेस की भारताचे जाते, दोन्ही राहत नाहीत. दोन, ज्या विलायतेसाठी पुष्कळजण हा पासपोर्ट काढीत, तिची वाट २०२० अखेर युरोपपासून तुटली, तेव्हा नीट चौकशी करून पाऊल टाक. तिसरी गोष्ट, जिथे जाशील तिथे दहा जूनला मान दे. तो आता गरीब परदेशस्थांचाही सण आहे, म्हणजे तुझाही. पण ज्यांचा सण आहे त्यांनी काय जपले ते पाहा. त्यांनी भाषा जपली.

आणि आपण? २७ जून १६८४ रोजी फिरंगी व्हाइसरॉयने फर्मान काढले की तीन वर्षांत इथल्या लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगेज बोलावे. त्या भाषेचा महाकवी त्यांना पूज्य, आणि आमची भाषा मात्र गुन्हा! फर्मान कागदावर राहिले. त्याच्या आधीच, १६१६ साली, फादर स्टीफन्सना येशूची कथा इथल्या माणसांना सांगायला मराठी ओव्याच रचाव्या लागल्या होत्या. ते राज्य गेले, आणि चतुर्थीच्या आरत्या, भजनी सप्ताह, दशावतारी काला आजही मराठीतच चालतो.

ह्या साप्ताहिकाचे वाचक विलीनीकरणाच्या चळवळीतले. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात आपल्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. आपण हरलो. ३० मे १९८७ रोजी गोवा वेगळे राज्य झाले. मतपेटीचा निकाल आपण मानला आणि मानतो. पण राज्याच्या हद्दीचा निकाल म्हणजे भाषेचा निकाल नव्हे. पोर्तुगालचे राज्यच साठ वर्षे परक्याकडे होते, तरी घरातली भाषा त्यांनी परक्याकडे दिली नाही. आपल्या हातून ती कोणी हिसकावलेलीही नाही. गावची मराठी शाळा पटाअभावी बंद पडते, तेव्हा दोष लिस्बनचा नसतो आणि दिल्लीचाही नसतो. पट भरणारी पोरे आपल्याच घरात असतात.

म्हणून मागणे एकच. ह्या जूनमध्ये शाळा उघडली आहे. पोराला पुढे इंग्रजी शिकवा, पोर्तुगेज शिकवा, पोटासाठी जे लागेल ते शिकवा. पण पहिली अक्षरे आपल्या भाषेत गिरवू द्या. आणि संध्याकाळी जाळे सांधताना किंवा तरवा काढून आल्यावर त्याला देव जुवारी ओलांडून कसे आले ती गोष्ट सांगा. ती सांगायला मास्तर लागत नाही.

पाऊस वाढतो आहे. वाटेत व्हाळाला पाणी चढले असेल, सांभाळून जा. नमस्कार.